शिळासप्तमी, मरीआई आणि ‘आरोग्यदेवता’ ही संज्ञा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

लोकदैवतांविषयीच्या अलीकडच्या लेखनात शीतला, मरीआई आणि मरीअम्मन या देवतांचा उल्लेख ‘आरोग्यदेवता’ अथवा ‘रोगनिवारक देवता’ असा सरसकट केला जातो. ही संज्ञा सोयीची आहे. पूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी याच देवतांना ‘रोगाची देवी’ म्हणून हिणवले होते, त्यामुळे नव्या संज्ञेत एक प्रकारची भरपाईही आहे. परंतु मराठी साहित्यातील आणि मराठी प्रदेशातील साक्षी एकत्र ठेवून पाहिल्या, तर या संज्ञेखाली बरेच काही झाकले जाते असे दिसते. प्रस्तुत लेखात शिळासप्तमीची कहाणी आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ हे आत्मकथन ही दोन संहिता परस्परांसमोर ठेवून या संज्ञेची मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनासाठी खडकीचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे, त्यास कारण आहे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर येथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. लष्कर, कारखाना आणि बाजार यांच्या आश्रयाने निरनिराळ्या जातींची व भाषांची माणसे येथे वसली. श्रावणात शिळासप्तमी पाळणारी मराठी घरे, आषाढात मरीआईला दहीभाताचा नैवेद्य दाखवणाऱ्या वस्त्या आणि आडी महिन्यात मरीअम्मनसाठी आंबील रांधणारी तमिळ भाषक कुटुंबे अशा छावणी-गावात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नांदतात. तमिळ आडी महिना साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे तो आपल्या आषाढ-श्रावणावरच येतो. पावसाळ्यात दूषित पाण्याबरोबर पटकीसारखे रोग पसरत, हे लक्षात घेतले म्हणजे काळाचा हा मेळ आश्चर्याचा वाटत नाही. देवता मात्र तीन आहेत, आणि तिघींना एकाच नावाने हाक मारावी की नाही हाच प्रश्न आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत ‘देवी’ हा शब्द देवतेचाही आहे आणि रोगाचाही. ‘मुलाला देवी आल्या’ म्हटले की ऐकणाऱ्याला अंगावरचे फोड दिसतात. ‘देवीचे वण’ म्हणजे त्या फोडांचे व्रण. तमिळमध्येही असेच आहे. तेथे ‘अम्मै’ हा शब्द मातेशी जोडलेला असून तोच या रोगाचे नाव आहे आणि फोडांना मोती म्हणतात. रोगाला आईचे नाव देण्यात भय आहे, आर्जव आहे आणि थोडा धोरणीपणाही आहे.

पुढे लस आली. भारतातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. मराठीने या नव्या क्रियेला नवे नाव घडवले नाही. ‘देवी काढणे’ आणि ‘देवी टोचणे’ असे शब्दप्रयोग रूढ झाले आणि खेडोपाडी फिरणारा लस टोचणारा कर्मचारी ‘देवी डॉक्टर’ झाला. म्हणजे रोग देवी, रोग देणारी देवी आणि रोगापासून वाचवणारी टोचणीही देवीच. भारतातील देवीच्या साथीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आसामात आढळला आणि जागतिक आरोग्य संघटनेने मे १९८० मध्ये या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. शब्द मात्र उरला. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावरील खुणेला आजही ‘देवीची खूण’ म्हणतात आणि ते म्हणताना कोणाच्याही मनात देवता नसते.

या भाषिक पुराव्यावरून इतकेच म्हणता येते की रोग आणि उपचार यांतील जी सीमारेषा ‘आरोग्यदेवता’ ही संज्ञा गृहीत धरते, ती लोकभाषेने आखलेलीच नाही. फाब्रिझिओ फेरारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शीतला ही मूलतः देवीच्या रोगाचे मूर्तिमंत रूप नसून संरक्षक माता आहे, असे उत्तर भारतातील साधनांच्या आधारे मांडले आहे. त्याआधी राल्फ निकोलस यांनी १९८१ च्या आपल्या निबंधात बंगालमधील शीतलेचे माहात्म्य अठराव्या शतकातील साथींशी जोडले होते. दोघांच्या प्रतिपादनाचे मोल मान्य करूनही मराठी अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. बंगालमध्ये शीतलेची मंगलकाव्ये आहेत, मंदिरे आहेत, साथीशी थेट बांधलेली कथापरंपरा आहे. आपल्याकडे शीतलेच्या वाट्याला प्रामुख्याने एक व्रत आणि एक कहाणी आली, आणि साथीचा सगळा भार दुसऱ्याच देवतेवर पडला. ही विभागणी लक्षात न घेता बंगालचे निष्कर्ष येथे आणले, तर मराठी शीतलेचे चित्र चुकते.

कहाणीतील तळे

शीतलेचा सण कोठे चैत्रात तर कोठे श्रावणात येतो. उत्तरेतील पौर्णिमान्त गणनेनुसार चैत्र कृष्ण अष्टमीला (आपल्या अमान्त पंचांगानुसार ती फाल्गुन वद्य अष्टमी होते) शीतलाष्टमी पाळतात. गुजरातेत श्रावण वद्य सप्तमीला. महाराष्ट्रात श्रावण शुद्ध सप्तमीला. सर्वत्र समान असलेली गोष्ट म्हणजे चूल न पेटवणे आणि आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खाणे. ‘शिळा’ हा मराठी शब्द संस्कृत ‘शीतल’पासूनच आलेला आहे. तेव्हा ‘शीतला सप्तमी’चे ‘शिळासप्तमी’ होणे हा अपभ्रंश मानून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. संस्कृत स्तोत्रातील गाढवावर बसलेली, हाती केरसुणी व कलश आणि मस्तकी सूप धारण करणारी देवता मराठी घरात आली तेव्हा ती मूर्तीतून उतरली आणि शिळ्या भाकरीत व विझलेल्या चुलीत जाऊन बसली.

या व्रताची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. राजा नवे गाव वसवतो, तळे खोदतो, पाणी लागत नाही. जलदेवता सुनेचा थोरला मुलगा बळी मागतात. सुनेला माहेरी पाठवले जाते आणि तिच्या माघारी तिच्या मुलाला खाऊपिऊ घालून खाटल्यावर निजवून तळ्यात सोडले जाते. तळे भरते. पुढे सून भावासह सासरी परतत असता वाटेत ते तळे लागते, त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी असते. ती काकडीच्या पानावर दहीभात घेऊन तळ्याची पूजा करते, भावाला वाण देते आणि पाण्यात उभी असताना तिचा मुलगा तिचे पाय धरतो.

प्रचलित पाठात या कहाणीत ताप नाही, फोड नाहीत, साथ नाही. रोगाचा उल्लेखच नाही. ज्या व्रताला आपण बेधडक रोगनिवारणाचे व्रत म्हणतो, त्याची मराठी कथा पाणी आणि हरवलेले मूल यांविषयी आहे. यावर असे म्हणता येईल की उष्णता आणि शीतलता हा रोगाचाच संकेत आहे, पाणी हे थंडाव्याचे प्रतीक आहे आणि हरवलेले मूल म्हणजे देवीच्या रोगाने दगावलेले मूल. हे स्पष्टीकरण अशक्य नाही. ज्या काळी देवीच्या साथीत लहान मुलेच अधिक दगावत, त्या काळी श्रोत्या स्त्रियांना तो अर्थ न सांगता उमजतही असेल. परंतु प्रतीकाकडे धाव घेण्याच्या घाईत कहाणी उघडपणे जे सांगते ते आपण ऐकत नाही. एका सार्वजनिक कामासाठी एका घरातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या स्त्रीचे मूल देण्यात आले, आणि तिला विचारण्यात आले नाही. तिला माहेरी पाठवण्याचा हेतूच तो होता. कहाणी राजाला दोष देत नाही. त्याचे राजेपण शेवटपर्यंत अबाधित राहते. मूल परत आल्यावर तो आश्चर्य करतो आणि सुनेच्या पुण्याईची चौकशी करतो. समीक्षकांनी या कहाण्यांतील गोडवा पुष्कळ वाखाणला आहे. तो गोडवा खरा आहे. पण या कहाणीत तो एका अत्यंत कठोर व्यवहारावर पसरलेला आहे, हे वर्गात शिकवताना क्वचितच सांगितले जाते.

‘जिणं आमचं’मधील आषाढ

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे आत्मकथन प्रथम ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील आषाढाचे वर्णन हा मरीआईविषयीचा मराठीतील एक अत्यंत मोलाचा दस्तऐवज आहे. महारवाड्यातील घरांचे सारवण, न्हाणी, नैवेद्य, पोतराज, रेड्याचा बळी आणि अंगात येणाऱ्या बाया हे सर्व लेखिका आतून सांगतात. त्या स्वतः आंबेडकरी चळवळीत घडलेल्या असल्याने या प्रथांवर त्यांचा रोष आहे. तरीही आषाढ हा त्या वस्तीच्या वर्षातील आनंदाचा महिना होता हे त्या लपवत नाहीत. आनंद आणि रोष एकाच परिच्छेदात नांदतात. अनेक वाचकांना हे विसंगत वाटते. मला हेच या ग्रंथाचे सर्वांत विश्वसनीय लक्षण वाटते. एरवी जिला कोणी विचारत नाही अशा सासुरवाशिणीच्या अंगात देवी आली की तिच्यासमोर घरातील माणसे वाकतात, हा तपशील एखाद्या मानववंशशास्त्रीय प्रबंधात ‘सत्तेचे तात्पुरते उलटणे’ म्हणून आला असता. येथे तो थकलेल्या बाईला मिळालेल्या विसाव्यासारखा येतो.

याच कथनात थोरला मुलगा देवीला पोतराज म्हणून वाहण्याची रीत येते. कहाणीतील मागणी आणि येथील रीत यांच्यातील साम्य योगायोगाचे म्हणून बाजूला टाकता येत नाही. दोन्हीकडे थोरलेच मूल मागितले जाते. दोन्हीकडे ते सर्वांच्या भल्यासाठी दिले जाते. फरक शेवटात आहे. कहाणीतील मूल पाण्यातून परत येते. पोतराज केलेले मूल परत येत नाही. केस वाढवून, कमरेला चिंध्यांचा घागरा बांधून, पायी घुंगरू आणि हाती आसूड घेऊन ते दारोदार फिरते आणि स्वतःच्या अंगावर ओढलेल्या फटक्यांबद्दल सूपभर धान्य घेते. राजघराण्यातील सुनेच्या पुण्याईने जे घडते, ते महारवाड्यातील आईच्या पुण्याईने का घडू नये, असा प्रश्न या दोन संहिता एकत्र वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

पोतराजाविषयी मराठीत यापूर्वी लिहिले गेले नाही असे नाही. रा. चिं. ढेरे यांनी लोकसंस्कृतीच्या उपासकांचा अभ्यास केला आणि दक्षिणेतील पोतुराजू या ग्रामदैवताशी पोतराजाचे असलेले नाते अभ्यासकांना परिचित आहे. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची देवीस्थाने पायी फिरून पाहिली. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथातील त्यांचे निबंध आजही या विषयाचा पाया आहेत. शेंदूर फासलेला तांदळा, गावाची शीव, जुने व्यापारी मार्ग आणि तिठे यांची त्यांनी घातलेली सांगड विलक्षण आहे. तथापि या दोन्ही परंपरांचा भर उगमावर आहे: देवी कोठून आली, पूर्वी ती कोणाची होती, तिचे रूप कसे बदलले. देवीचे काम कोण करतो आणि त्याला त्याचे काय मोल मिळते, हा प्रश्न ‘जिणं आमचं’ने विचारला. एका आत्मकथनाने संशोधनाची दिशा दुरुस्त करावी, असा हा प्रसंग आहे. त्याची दखल मात्र अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

काम म्हणजे काय, तेही स्पष्ट केले पाहिजे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढत. लाकडी गाड्यावर देवी बसवून तो वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. पुढचे गाव तो आपल्या शिवेवरून पुढे ढकली. गाडा ओढणे, देवीपुढे वाजवणे, बळीचा रेडा हाताळणे ही कामे महार आणि मांग या जातींकडे असत. म्हणजे रोगाला हात लावण्याचे काम त्यांचे होते. सवर्ण घरातील शिळासप्तमी चुलीपाशी संपते. मरीआईचे व्रत गावाच्या शिवेवर, दुसऱ्यांच्या अंगाखांद्यावर पार पडते. एकाच गावाला दोन्हींची गरज होती. ‘आरोग्यदेवता’ म्हटल्याने आरोग्य कोणाला मिळाले आणि रोगाशी झोंबी कोणी घेतली, हा भेद पुसला जातो. शिवाय गाडा पुढच्या गावाला जातो याचाही विचार करावा. या विधीत रोग बरा होत नाही, तो शेजाऱ्याकडे जातो.

छावणीची शीव

गावाला शीव होती तशी छावणीलाही होती. भारतातील सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल १८६३ साली आला आणि पुढच्याच वर्षी छावण्यांसाठी कायदा झाला. गोऱ्या शिपायाला पटकी व ताप यांपासून वाचवण्यासाठी बरॅकी मोकळ्या हवेत, बाजार अंतरावर, सांडपाण्याची वाट वेगळी, अशी आखणी देशभरच्या छावण्यांत होऊ लागली. ही आखणी शास्त्रीय होती आणि तिचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोगाला हद्दीबाहेर ठेवायचे आणि हद्दीबाहेरच्यांनी त्याचे काय ते पाहावे, हा विचार मरीआईच्या गाड्याला अगदीच अपरिचित नव्हता. सफाईचे काम येथेही ठरावीक जातींच्याच वाट्याला आले. ज्यांना आपण श्रद्धा आणि विज्ञान असे सामोरासमोर उभे करतो, त्यांची श्रमविभागणी बऱ्याच अंशी एकच होती.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात हे सर्व उघड झाले. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि २२ जून रोजी रँडवर झाडली गेलेली गोळी यांवर विपुल लेखन आहे. त्याच साथीत, त्याआधी तीन महिने, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सुरू केलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांना संसर्ग झाला. रोग हद्दीबाहेर लोटण्याच्या त्या काळात एका स्त्रीने तो हद्दीतून आत, दवाखान्यात आणला. मरीआईच्या गाड्याची दिशा येथे उलटी झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मरीअम्मनच्या संदर्भात तमिळ कथेचा एक पाठ येथे नोंदवणे इष्ट आहे. रेणुकेचा शिरच्छेद झाल्यावर परशुराम मातेला जिवंत करताना घाईत चूक करतो आणि रेणुकेचे मस्तक एका अस्पृश्य स्त्रीच्या धडाला जोडले जाते. मरीअम्मन ही अशी घडली. माहूरच्या रेणुकेला पूजणाऱ्या मराठी भक्ताला ही कथा धक्कादायक वाटू शकेल. देवीचे दर्शनी मुख एका जातीचे आणि राबणारे शरीर दुसऱ्या जातीचे, हे वर उल्लेखिलेले वास्तव तमिळ कथेने एकाच प्रतिमेत साठवले. मराठी परंपरेने त्याचे दोन तुकडे करून शीतला आणि मरीआई अशा दोन वेगळ्या घरी ठेवले.

बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने मरीआईची सेवा सोडण्याचा आग्रह धरला आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर असंख्य वस्त्यांतून पोतराजाचे केस उतरले. काही अभ्यासक याकडे लोकसंस्कृतीची हानी म्हणून पाहतात. ढोलकीचा एक ताल, नृत्याचा एक प्रकार, गीतांचा एक साठा लोपत चालला हे खरे आहे आणि त्याचे ध्वनिमुद्रण व्हायला हवे. परंतु ज्याच्या अंगावर आसूड ओढला जात होता त्याने तो खाली ठेवला, तर ती हानी कोणाची, हेही त्याच वाक्यात विचारले पाहिजे. कोविडच्या साथीत, २०२१ साली, कोइमतूर येथे ‘कोरोना देवी’ची मूर्ती स्थापन झाल्याची वार्ता आली तेव्हा मराठी वृत्तपत्रांत तिची थट्टाही झाली आणि परंपरेचे सातत्य म्हणून कौतुकही झाले. या नव्या देवीची सेवा कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत फारसा दिसला नाही.

आपल्या महाविद्यालयांत शिळासप्तमीची कहाणी लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत असते आणि ‘जिणं आमचं’ दलित साहित्याच्या किंवा आत्मकथनाच्या प्रश्नपत्रिकेत. पहिल्यावर कथनतंत्र, पुनरावृत्ती आणि व्रतसंकल्पना यांचे प्रश्न विचारले जातात. दुसऱ्यावर सामाजिक आशयाचे. दोन्ही संहिता एकाच तासाला, एकाच फळ्यावर क्वचितच येतात. खडकीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी कोठे शिळासप्तमी पाळली जाते, कोठे आजोबांनी पोतराजाचा आसूड खाली ठेवलेला असतो, तर कोणाची आई आडी महिन्यात कडुनिंबाचा पाला दाराला बांधते. त्यांना आपापल्या घरच्या बायकांकडून ही कहाणी ऐकून लिहून आणण्यास सांगावे आणि एक प्रश्न जोडून द्यावा: माहेरी गेलेल्या सुनेला तळे भरल्याचे कोणी सांगितले?